केदारे हवालदारांचा वाघोबा

भिकन केदारेंबरोबर डोंगरात जायचं म्हणजे दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकून ठेवायची. मी नाथा शेवाळे, कळवणकडच्या शेतकऱ्याचा पोर, जन्म ढेकळं तुडवण्यात गेलेला. पण या माणसानं पहिल्याच रविवारी मला असा चालवला, की सोमवारी बॉयलरपुढं मी बादली उपडी घालून बसलो होतो आणि हे महाशय रोजच्यासारखे ताठ. वर मलाच विचारतात, काय नाथा, तब्येत बरी नाही का? माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे. राग येणार नाही तर काय होईल.

मागच्या डिसेंबरात ते गेले. तेव्हापासून लोक तोंडाला येईल ते बोलताहेत. त्यांच्या नाशिकच्या वसाहतीतले म्हणतात, चांगला धम्म मानणारा माणूस, म्हातारपणी फिरला, शेंदूर फासून भगतगिरी करायला लागला. डोंगरातले म्हणतात, असा भगत पुन्हा होणे नाही. दोघांनाही काही माहीत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा नागसेन शेवटची दहा वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. का, याची खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, त्यांना आणि मला. माझ्या पोटात काही राहत नाही असं आमची बायको म्हणते. तिला खोटं पाडायला मी एवढी वर्षं तोंड शिवून बसलो. आता सांगतो. त्या डोंगराचं आणि वाडीचं नाव मात्र घेणार नाही. त्र्यंबकच्या पलीकडे, एवढंच म्हणेन. का, ते पुढं कळेल.

हवालदार मूळचे चांदवडजवळच्या खेड्यातले. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून यांचं नाव भिकन, म्हणजे देवाकडून भीक मागून घेतलेला. या नावाचा त्यांना फार राग. म्हणायचे, मला कुणी मागून आणलेलं नाही, आईनं जन्म दिलाय. महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. छप्पन साली रजा काढून नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, आणि आल्याआल्या घरातले सगळे देव टोपल्यात भरून एस.टी.नं नाशिकला आणून गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडले. आई दारात आडवी बसली होती म्हणे. हे तिला ओलांडून गेले. ती पुढं कितीतरी दिवस यांच्याशी धड बोलली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, पण केलं ते बरोबर होतं, यात त्यांना कधी शंका नव्हती. दीक्षेच्या वेळी हात जोडून, देव मानणार नाही असं तोंडानं बोललोय, म्हणायचे. तोंडानं बोललं की संपलं.

बासष्ट साली ते नेफात होते, चीनच्या लढाईत. ती लढाई त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही चालता चालता. धुक्यात माघार घेताना वाट दोन दऱ्यांकडं फुटत होती. हे पुढच्या तुकडीत. फाट्यावर दगडांची खूण करून जायचं काम यांचं. वरून घाई, मागून गोळीबार. यांनी विचार केला, मागची माणसं पावलं बघून येतील, आणि खूण न करताच पुढं सरकले. निफाडकडचा चिमाजी म्हणून यांचा दोस्त मागच्या तुकडीत होता. ती तुकडी दुसऱ्या दरीत उतरली आणि परत आलीच नाही. एवढं सांगून त्यांनी बिडी विझवली आणि पुन्हा चालायला लागले. मीही चालायला लागलो.

अडुसष्टला पेन्शन घेऊन नाशिकला आले आणि सातपूरला आमच्या रिफायनरीत लागले. रिफायनरी म्हटल्यावर मोठाल्या टाक्या आणि उंच धुराडी डोळ्यांपुढं आणू नका. पत्र्याची शेड होती, बोर्ड तेवढा भारी. गॅरेजमधून, ट्रकवाल्यांकडून जळकं काळं ऑइल पिंपांतून यायचं. त्यात ॲसिड घालून घोटायचं, गाळ खाली बसवायचा, वरचं तेल मातीतून गाळायचं, तापवायचं आणि पिवळंधमक करून पुन्हा विकायचं. मी बॉयलरवर, हवालदार ॲसिडच्या टाकीवर. त्या गाळाचा असा वास, की सिटी बसमध्ये आमच्या शेजारची सीट कायम रिकामी. मला लाज वाटायची. हवालदार म्हणायचे, ऐसपैस बसायला मिळतंय, तक्रार कसली करतो? पण त्या टाकीपायी त्यांचं नाकच मेलं होतं. आमटी करपली तरी कळायचं नाही. त्यांची बायको चांगुणाबाई होती तोवर तिनं ती करपू दिली नाही. त्र्याहत्तरला ती गेली. मग घरात हे आणि कॉलेजात जाणारा नागसेन.

नागसेन म्हणजे बापाच्या वरताण. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेणार नाही, कुणाच्या देवापुढं मान लववणार नाही. माझ्या पोराच्या बारशाला आला, तर बायकोनं पुढं केलेलं कुंकू बघून सरळ दोन पावलं मागं सरला. बायको धुमसत बसली. हवालदार मात्र खूश. माझा पोरगा खोटं बोलत नाही आणि खोट्यापुढं वाकत नाही, असं येता-जाता ऐकवायचे. वसाहतीतल्या विहाराचं सगळं काम हे बापलेक बघायचे. बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत हवालदार छातीवर मेडलं लावून सगळ्यांच्या पुढं, आणि पोरगा मागं घोषणा देत. त्या एका दिवशी हवालदार हसताना दिसायचे. एरवी तो माणूस हसण्यातला नव्हता.

आणि रविवार डोंगराचा. त्र्यंबकची पहिली गाडी पकडायची, उतरायचं नि चालायला लागायचं. पिशवीत भाकरी, ठेचा, काडेपेटी आणि एका पुडीत चुना. तंबाखूचा नव्हे, भिंतीला लावायचा. जिथं वाट फुटेल तिथं थांबायचं, चांगले बसके दगड शोधून गुडघाभर उंच रचायचे आणि वर पाण्यात कालवलेला चुना फासायचा. मी म्हणायचो, हवालदार, इथं कोण येतंय तुमची खूण बघायला? ते म्हणायचे, जो येईल तो. कधी धरणाच्या मागच्या पाण्यात गळ टाकून बसायचे, कधी जांभळाखाली नुसतेच. इथं आलं की नाक परत येतं, म्हणायचे. गवताचा वास त्यांना यायचा, आमटीचा यायचा नाही. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचो. बाकीचे रविवार ते एकटेच. पुष्कळदा शनिवारीच जाऊन वर मुक्काम ठोकायचे.

त्या डोंगराच्या पठारावर एक फाटा आहे. डावीकडची वाट नळीतून, म्हणजे अरुंद घळीतून, खाली उतरते, उभी पण धड. उजवीकडं गुरांची वाट. ती उंबराखालच्या मोकळ्या जागेपर्यंत जाते आणि तिथून चार पावलांवर कडा. श्रावण-भादव्यात वर असं धुकं उतरतं, की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. वाडीच्या माणसांना त्याचं काही नाही, त्यांचे पाय वाट ओळखतात. पण त्या वाटेनं पेठकडची माणसं बाजाराला जायची, आश्रमशाळेचे मास्तर, पोरं, बांगड्या विकणारे जायचे. त्यांच्यासाठी हवालदारांनी डावीकडच्या वाटेच्या तोंडाशी एक ढीग रचला होता.

वाडीत सुलाबाई म्हणून एक बाई होती. तिची लेक मैना तापानं फणफणलेली. लेकीला पाठीशी बांधून डॉक्टरकडं निघाली, त्या ढिगापाशी टेकली, आणि पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं. झालं. येताना सुलाबाईनं वरच्या दगडाला शेंदूर लावला. पुढच्या वर्षी कुणाची तरी हरवलेली गाय तिथंच सापडली. मग नारळ आला, मग कोंबडा आला. वाघोबा म्हणून देव झाला. आणि परक्या वाटसरूला सांगायची रीत पडली, की जिथं वाघोबा, तिथून खाली उतरायचं.

हे कळलं तेव्हा मी हवालदारांबरोबर होतो. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मी हसून हसून खाली बसलो. ज्यानं आईचे देव गंगेत सोडले, त्याच्याच हातून नवा देव झाला. मी म्हटलं, मानला तर देव, नाही तर धोंडा. ते म्हणाले, धोंडाच आहे, पण असू दे. वाट चुकत नाही ना कुणी? शेंदूर चुन्यापेक्षा लांबून दिसतो.

असं काही वर्षं सुरळीत चाललं. मग सत्त्याहत्तरला वाडीच्या लोकांना वाटलं, देवाची जागा अडचणीची आहे. बोकड कापायचा, चुली मांडायच्या, माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. त्यांनी वाजतगाजत वाघोबा उचलला आणि उंबराखाली, त्या कड्याजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन बसवला.

खुद्द वाडीला काही फरक पडला नाही. पण जिथं वाघोबा तिथून उतरायचं, हे गावोगाव पसरलेलं होतं. त्याच भादव्यात आश्रमशाळेचे एक नवे मास्तर धुक्यात वाघोबा शोधत आले, वाघोबा सापडला, आणि ते उतरले. करवंदीच्या जाळीत अडकले म्हणून जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. आणि वाडीत काय बोललं गेलं? वाघोबानं वाचवलं, जाळीत झेलून धरलं. त्या वर्षी नारळ दुप्पट फुटले.

हवालदार तेव्हापासून हैराण. जुन्या जागी त्यांनी पुन्हा ढीग रचला. गुराख्यांनी ते दगड नेऊन वाघोबाला ओटा बांधला. पुन्हा रचला, पुन्हा तेच. दगड निवडून आणलेले, बसके, ओट्याला फारच सोयीचे. मग त्यांनी वाडीत जाऊन सरळ सांगितलं, की बाबांनो, हा देव नाही, मी माझ्या हातानं रचलेले दगड आहेत. वाडीत पुंजा म्हणून म्हातारा होता, त्याचा शब्द चालायचा. तो जरासुद्धा रागावला नाही. उलट प्रेमानं म्हणाला, "फौजी, देव काय कुणी रचतो? त्यानं तुमच्या हातून रचून घेतला." मिलिटरीत याचं उत्तर शिकवत नाहीत. गुपचूप हलवून टाका, असं मीच सुचवलं. तर म्हणाले, ते दुसऱ्या दिवशी परत नेतील, आणि देव चोरला म्हणून पेठच्या माणसांशी मारामारी होईल ती वेगळीच.

अठ्ठ्याहत्तरचा वैशाख आला. पुढं पाऊस, मग धुकं. टाकीपाशी उभे राहून हवालदार एकदम म्हणायचे, नाथा, यंदा कुणीतरी जाणार. ऐकून ऐकून मी वैतागलो. म्हटलं, अहो, देवाला हलवायला देवच लागतो. मला दृष्टांत झाला, वाघोबा परत न्या म्हणतोय, एवढं सांगा की. एका मिनिटाचं काम. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी बॉयलरच्या आड झालो. पण मला काही राहवेना. पुन्हा जाऊन म्हटलं, बरं, तुम्ही नका सांगू, मी सांगतो. मला कुठली शपथ आहे? आमचा देव्हारा भरलेला आहे, त्यात एक खोटं खपून जाईल. त्यांनी टाकीचं झाकण लावलं. मग म्हणाले, सांग तू. मी नुसता बरोबर येतो.

रविवारी गेलो. पुंजाच्या अंगणात माणसं जमली, सुलाबाई मैनेला घेऊन पुढं बसली. मी घसा खाकरला, डोळे मिटले आणि आमच्या गावचा भगत बोलायचा तसा आवाज काढून सांगितलं, की वाघोबा माझ्या स्वप्नात आला, मला जुन्या जागी न्या म्हणाला. माझ्या मते झकास जमलं होतं. पुंजानं शांतपणे विचारलं, पाव्हणं कुठलं? मी म्हटलं, कळवणकडचा.

"कळवण?" पुंजा म्हणाला. "आमचा वाघोबा हितला हाय. तो कळवणच्या माणसाच्या सपनात कशाला जाईल?"

सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच होतं त्यांचं. गावच्या देवाला हद्द असते, हे मला, खेड्यात वाढलेल्याला, कळायला नको? तोंडात मारल्यासारखं झालं. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात सुलाबाई हवालदारांकडं वळली. तुम्ही इतकी वर्षं या डोंगरात हिंडता, वर पठारावर निजता, सांगायचं तर तो तुम्हालाच सांगेल, असं म्हणाली. मग तिनं हात जोडले. "फौजी, तुमाला काय बोलला का तो?"

गोळीबारात उभा राहिलेला माणूस, पण त्या अंगणात त्यांना त्या जोडलेल्या हातांकडं बघवेना. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार, उठणार, आणि आम्ही दोघं हात हलवत खाली उतरणार. मनातून मला तेच बरं वाटलं असतं. मैना आईला रेलून त्यांच्याकडं बघत होती.

"बोलला," हवालदार म्हणाले. "जिथं होतो तिथं नेऊन ठेवा म्हणाला."

पुंजानं उठून त्यांच्या कपाळाला शेंदूर लावला. ते हलले नाहीत. येत्या पुनवेला हलवू, असं ठरलं. वाघोबा भगतानंच उचलायचा, पहिला नारळ भगतानंच फोडायचा, आणि दर वर्षी त्याच पुनवेला भगतानं यायचं. भगत आला नाही, तर देवाला ती जागा नकोशी झाली असं समजायचं आणि पुन्हा उंबराखाली न्यायचं. पुंजानं हे सगळं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. ती पुनव वैशाखाची होती. बुद्धजयंतीची.

उतरताना हवालदार ओढ्यावर थांबले. कपाळ धुतलं. पुन्हा धुतलं, मग वाळू घेऊन घासलं. शेंदूर तेलात कालवलेला असतो, तो काय सहज जातो? मी म्हटलं, अहो, चार शब्द तर बोललात, माणसं वाचतील. ते तिथंच दगडावर बसले. "आईला ओलांडून गेलो होतो मी, नाथा," म्हणाले. मला आधी काही कळलं नाही. मग ते गंगेत सोडलेले देव आठवले.

पुनवेला त्यांनी घरात एवढंच सांगितलं, की काम आहे, मिरवणुकीला नाही. त्या दिवशी मीही गेलो. त्यांनी एकेक दगड छातीशी धरून जुन्या जागी नेला, पूर्वीसारखाच रचला. लोक ढोल वाजवत होते. परतताना त्र्यंबकच्या स्टँडवर वसाहतीतला एकजण भेटला. त्यानं हवालदारांच्या कपाळाकडं बघितलं, कानामागं राहिलेल्या शेंदराकडं बघितलं, आणि नमस्कार न करताच गाडीत चढला. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी विहारात पोचली होती. नागसेन दारात उभा होता, अंगावर मिरवणुकीचाच पांढरा सदरा. बाबा, तुम्ही देवाला नारळ फोडलात का, असं त्यानं विचारलं. हवालदार म्हणाले, फोडला. का फोडला, असं विचारलं. हवालदार खाली वाकून चपला काढायला लागले.

"आई आजारी होती तेव्हा आजी नुसता एक नारळ फोड म्हणत होती," नागसेन म्हणाला. "तुम्ही तिला घराबाहेर काढलंत. मी बघितलंय."

तेवढं बोलून तो आत गेला. पुढं पावसाळ्यात नामांतरावरून मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, नागसेनचे मित्र मोर्च्यात मार खाऊन आले. ज्या घरात पोरं डोकी बांधून बसायची, त्या घराचा बाप शेंदूर लावून आला होता. वसाहतीत हे कुणाला पटणार? दिवाळीच्या आधी नागसेनला रेल्वेत क्लार्कची नोकरी लागली, तो मनमाडला गेला. जाताना बापाच्या पाया पडला नाही, बापाशी बोलला नाही.

मी हवालदारांवर चांगलाच उखडलो. म्हटलं, त्याला खरं सांगून टाका, शिकलेला पोरगा आहे, समजून घेईल. ते म्हणाले, "समजून घेईल, आणि दुसऱ्या दिवशी वाडीत जाऊन सांगेल, की देव खोटा, दृष्टांत खोटा. गप्प बसायचं त्याला जमणार नाही. तसाच वाढवलाय मी त्याला. त्यानं माझ्यावर रागावलंच पाहिजे." असं म्हणून वर मलाच दम भरला, की तूही बोलायचं नाही. मी वचनबिचन काही दिलं नाही. नुसती मान हलवली.

मग ती दहा वर्षं. वसाहतीतलं घर सोडून ते गंगापूर रोडला, पेरूच्या बागेकडेला एका खोलीत राहायला गेले. विहारातून बोलावणं यायचं बंद झालं. संध्याकाळच्या वंदनेला ते रस्त्याच्या पलीकडं, सायकलच्या दुकानापाशी उभे राहायचे आणि ओठातल्या ओठात त्रिसरण म्हणायचे. आत या, असं कुणी म्हटलं नाही, आणि हेही गेले नाहीत. दर वैशाखात मिरवणूक निघायच्या दिवशी पिशवी घेऊन डोंगराकडं. माझे गुडघे गेले, माझं जाणं सुटलं. ते एकटेच जायचे. दुसऱ्या दिवशी कामावर विचारलं, की म्हणायचे, आहे जागेवर. कोण आहे जागेवर, ते आम्हा दोघांनाच कळायचं. त्या वाटेवर पुन्हा कुणी पडलं नाही, हे मात्र सांगायला पाहिजे.

एकदा ते मनमाडला जाऊन आले. नात झाली होती. सुनेनं पाणी दिलं, चहा दिला, नातीला मांडीवर दिलं. नागसेन ड्यूटीवरून आला, यांना बघितलं आणि चप्पल न काढताच बाहेर निघून गेला. हे शेवटची गाडी पकडून परत आले. नात कशी आहे, असं मी विचारलं. चांगुणासारखी आहे म्हणाले, आणि टाकीकडं वळून काठीनं गाळ ढवळत राहिले. मला त्या दिवशी नागसेनच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग वाटलं, त्याचं काय चुकलं? कुणाचंच काही चुकलं नव्हतं, आणि माणूस एकटा मरत होता.

छाती धरली ती ॲसिडनं की बिडीनं, डॉक्टरला माहीत. मागच्या दिवाळीपासून खाटेवरच होते. काळजी एकच. येत्या वैशाखात कोण जाणार? तू जाशील का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला कोण विचारतंय, मी पडलो कळवणचा. त्यावर ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "म्हणजे हलवणार." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

डिसेंबरात एका सकाळी गेले. मरणानंतर वैर कसलं, म्हणून वसाहतीतली माणसं आली आणि त्यांना विहाराच्या अंगणात घेऊन गेली. दुपारी नागसेन आला. बापाच्या तोंडाकडं बघत उभा राहिला, डोळ्यांत टिपूस नाही. मी त्याचा दंड धरला, विहाराच्या मागं नेला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिमाजी, चुना, मास्तरांची मांडी, पुंजाचं अंगण, सगळं. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, तू खोटं बोलत नाहीस म्हणून. तेव्हा तो भिंतीला कपाळ टेकून रडला. मीही रडलो, लाज कसली.

आम्ही पुढं आलो तेव्हा अंगणात गलका चालला होता. वाडीचा एक गडी गंगापूर रोडला बांधकामावर होता, त्यानं निरोप पोचवला होता. पाच-सहा माणसं एस.टी.नं आली होती. पुढं सुलाबाई, आता पार पिकलेली, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शेंदराची पुडी. वसाहतीतली पोरं तिला अडवून उभी होती. नागसेन मध्ये गेला.

"शेंदूर नको, आजी," तो म्हणाला. "त्यांना चालायचा नाही."

सुलाबाईनं पुडी कनवटीला खोचली. त्याच्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "तू भगताचा लेक का?"

ज्या पोरांना यानं घोषणा शिकवल्या होत्या, तीच पोरं आता बाप्ये होऊन समोर उभी होती.

"हो," नागसेन म्हणाला. "भगताचाच मुलगा."

सुलाबाई म्हणाली, भगत गेला, आता वैशाखी पुनवेचा पहिला नारळ कोण फोडणार? घरचं कुणी आलं नाही, तर देव हलवायचा असं पुंजाबाबा म्हणतोय. मग तिनं हात जोडले, बापापुढं जोडले होते तसेच. "तू येशील का?"

नागसेननं बापाकडं बघितलं. वैशाखी पुनव कुठल्या दिवशी येते, हे त्या अंगणात त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"येईन," तो म्हणाला.

माझ्या मागं कुणीतरी थुंकल्यासारखं बोललं, "शेवटी बापावरच गेला." नागसेननं ते ऐकलं. तो खांदा द्यायला पुढं झाला.